पाण्यात कोण कोण होतं

मासोळीचे वाटे पाडताना मनसाराम पाठमोरा उभा राहायचा. सावरटोल्याच्या ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, ही जुनी रीत. तलावाच्या पाळीवर पळसाच्या पानांवर सारखे सारखे ढीग लावायचे, एकाने एकेका ढिगावर काठी टेकवून "हा कोणाचा?" असं विचारायचं आणि पाठ फिरवून उभ्या असलेल्याने नाव घ्यायचं. त्याला ढीग दिसत नाही, म्हणजे भाच्याला रोहू आणि वैऱ्याला काटे असं त्याला करता येत नाही. न्याय अगदी चोख. फक्त ढीग दिसत नसले तरी नावं त्याच्याच तोंडात असतात, एवढी एक गोष्ट रीत पाडणाऱ्या शहाण्यांच्या ध्यानात आली नव्हती.

दुसरी रीत आणखी सोपी होती. जो पाण्यात उतरेल त्याला वाटा. पाळीवर बसून विडी ओढणाऱ्याला नाही, मग तो अध्यक्ष का असेना.

मनसाराम हा मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता, असं आपल्याकडे कोणाबद्दलही म्हणतात, तर याच्याबद्दलही म्हणायला हरकत नाही. मयतीला सगळ्यांच्या आधी हजर, लग्नात जेवणावळ उठेपर्यंत उभा. पण कोणाचा राग धरला की तो बाभळीच्या काट्यासारखा आत मोडून बसायचा. सध्या तो काटा नथ्थूच्या नावाचा होता. संस्थेच्या निवडणुकीत नथ्थूने भर सभेत विरुद्ध बाजूने हात वर केला होता. एवढंच. मनसाराम निवडून आला तो आलाच, पण जिंकलेल्या माणसाला आपल्याला हरवू पाहणाऱ्यांची नावं हरलेल्यापेक्षा जास्त दिवस पाठ राहतात.

त्या पावसाळ्यात सती नदीला पूर आला. पूर गावात शिरला नाही, पण तलाव तुडुंब भरून सांडव्यावरून फूटभर पाणी वाहिलं आणि संस्थेने सोडलेली मासोळी त्या पाण्याबरोबर खालच्या धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांमध्ये, उतरली. पूर ओसरला, बांध्यांतलं पाणी मात्र तुंबून राहिलं. गोठ्यांचं शेणमूत त्यातच आलं होतं, उंदरांची बिळं बुडाली होती, कुठून तरी वाहत आलेलं डुक्कर फुगून धुऱ्याच्या बांधाला लागलं होतं. असल्या पाण्यात कोणी पाय घालू नये. पण वर्षाची मासोळी त्यात वळवळत होती. ढिवराने काय करावं? सगळे उतरले.

नथ्थूला कोणी बोलावलं नव्हतं. तो आपणहून आला, धोतर खोचलं आणि जाळ्याचं जे टोक चिखलात रुतत होतं ते त्याने धरलं. मनसारामने ते पाहिलं आणि दुसरं टोक ओढलं. दिवसभर दोघांनी एकच जाळं ओढलं. मासोळी भरपूर निघाली.

मग पाळीवर ढीग लागले. चैतूने काठी घेतली. मनसाराम पाठमोरा उभा राहिला आणि एकेक नाव घेत गेला. स्वतःचं घेतलं, मुलाचं घेतलं, चैतूचं घेतलं. शेवटचा ढीग उचलला गेला तेव्हा नथ्थू रिकामी थैली घेऊन उभाच होता. ढीग लावतानाच एक कमी लावला होता, आणि तो तसा लावायला मनसारामनेच डोळ्यांनी सांगितलं होतं. सगळ्यांना कळलं. सगळे आपापल्या मासोळीला फार काळजीने पानं गुंडाळायला लागले. नथ्थूने थैलीची घडी केली, काखेत मारली आणि तो निघून गेला. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाऱ्याला उत्तर देता येतं.

ताप पहिल्यांदा मनसारामच्याच घरात आला. त्याचा मुलगा प्रफुल थंडी वाजून पडला. डोळे लाल झाले आणि पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या की आईने पांघरूण घातलं तरी ओरडायचा. आपल्या जिल्ह्यात ताप म्हटला की आधी मलेरिया. आशाताई रीना किट घेऊन आली, बोट टोचलं, मलेरियाची रेघ आली नाही. पाठोपाठ आणखी दोघे पडले. एकाचे डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा रीनाने तिघांनाही गाडीत घालून कुरखेड्याच्या दवाखान्यात नेलं.

तिथे डॉक्टर अमरीन होती. राजुऱ्याची मुलगी, बाप बाबूभाई, त्याचं शिलाई मशिना दुरुस्तीचं दुकान. वयाने लहान, पण नजर बापाची: बिघाड कुठे आहे ते मशीन उघडायच्या आधी ओळखायची. तिने प्रफुलची पोटरी दाबली, तो किंचाळला. तिने तिघांच्या पोटऱ्या दाबल्या. मग तिने एकच विचारलं, "तुम्ही तिघं मिळून कोणत्या पाण्यात गेले होते?"

रक्त तपासायला पाठवलं, पण अहवालासाठी ती थांबली नाही. औषध लगेच सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी गोळ्या घेऊन स्वतः सावरटोल्यात आली. समाजमंदिरात सगळ्यांना बसवून तिने सोप्या शब्दांत सांगितलं. उंदरांच्या, गुराढोरांच्या लघवीतून हा आजार पाण्यात येतो. पायाला भेग असली की तिथून अंगात शिरतो. लगेच औषध मिळालं तर माणूस बरा होतो. उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंड बंद पडतं, माणूस हातचा जातो. त्याला लेप्टो म्हणतात.

"मनसारामभाऊ," ती म्हणाली, "त्या दिवशी पाण्यात कोण कोण होतं? मला एकूण एक माणूस पाहिजे. ज्याला ताप नाही तो पण. एक जरी सुटला ना, तर तो पुढच्या आठवड्यात माझ्याकडे पिवळा होऊन येणार."

मनसाराम उठून उभा राहिला. नावं त्याला पाठ होती. पाळीवर घेतली त्याच क्रमाने त्याने ती घेतली. एकेक जण पुढे येऊन गोळ्या घेत होता आणि रीना पाण्याचा पेला पुढे करत होती. नावं संपली.

"झाले सगळे?" अमरीनने विचारलं.

नथ्थू तिथे आलाच नव्हता, आणि त्याचं नाव मनसारामच्या दातांपर्यंत आलं होतं. पण नाव घेतलं की कोणी तरी म्हणणार, अरे, नथ्थू होता तर त्याचा वाटा कुठे गेला? डॉक्टरीण बाईसमोर, बायकापोरांसमोर. चैतू त्याच्याकडे पाहत होता. मनसारामने चैतूकडे पाहिलं. चैतूने मान खाली घातली.

"झाले," मनसाराम म्हणाला.

खाई त्याला खवखवे म्हणतात. घरी प्रफुल औषधाने उतरत चाललेल्या तापात भात मागू लागला, आणि तो भात भरवताना मनसारामचा हात मध्येच थांबायला लागला. पोरगा का वाचला? कारण तो पाण्यात होता हे कोणी लपवलं नव्हतं. हा विचार एकदा डोक्यात आला की जात नाही. त्याने स्वतःची समजूत काढून पाहिली. नथ्थू दांडगा आहे. त्याला काही होणार नाही. आणि झालंच तर रीना आहे, दवाखाना आहे, सरकार आहे. माणसाला आपली जबाबदारी टाकायची असली की सरकार फार जवळचं वाटतं.

शेवटी नथ्थू तापाने पडल्याचं कानावर आलं तेव्हा त्याला राहवलं नाही. नावं घेता घेता आपल्या वाट्याच्या गोळ्या त्याने गिळल्याच नव्हत्या. त्या खिशात घालून तो नथ्थूच्या घरी गेला. नथ्थू अंगणात खाटेवर घोंगडी घेऊन पडला होता. त्याची बायको इंदिराबाई चुलीवर पेज ढवळत होती.

"ये भाऊ, बस," नथ्थू म्हणाला. घरी आलेल्याला बस म्हणायची रीत त्याने मोडली नाही.

"ताप आला म्हनते तुले?"

"हो ना. मलेरिया होय. रीनाबाईनं किट लावली, रेघ आली. गोळ्या देल्ल्या तिनं."

मनसारामचा जीव एकदम हलका झाला. मलेरिया! म्हणजे ते पाणी नव्हे. त्याला मलेरियाचा एवढा आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. तरी हात खिशात गेलाच.

"ह्या बी घेऊन टाक," त्याने गोळ्या पुढे केल्या.

"कायच्या होत?"

"त्या... तलावावाल्यायले देल्ल्या ना, त्या होत."

नथ्थूने गोळ्यांकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल होते. "मंग मले कायले? मी कुठी होतो तलावावर?"

टोमणा नव्हता तो. एखाद्याने वार कोणता ते सांगावं तसं तो बोलला. मनसारामने तिथे तीन शब्द बोलायचे होते. होता गा तू. इंदिराबाईने चुलीवरून वर पाहिलं, म्हणून ते शब्द तो गिळून बसला. उठताना गोळ्या त्याने खाटेच्या पायथ्याशी ठेवल्या. तो कुंपणाबाहेर पडला तेव्हा इंदिराबाई मागून आली आणि त्या गोळ्या त्याच्या हातात परत देऊन म्हणाली, "ते घेत नाईत भाऊ. दुसऱ्यायच्या नावाच्या होत म्हनते."

तेव्हा तरी त्याने रीनाकडे जावं की नाही? तिचं घर वाटेतच होतं. ती दारात तांदूळ निवडत बसली होती, "काय भाऊ, कुठी गेल्ते?" असंही तिने विचारलं. "असाच," म्हणून तो पुढे गेला. मला या माणसाचा राग येतो तो इथे. वाटा नाकारला तो रागाच्या भरात, नाव गाळलं ते लाजेपोटी. पण रीनाच्या दारासमोरून तो गेला तेव्हा ना राग होता ना चार माणसं. फक्त मलेरियाची ती रेघ होती, आणि तिच्याआड लपायला त्याला बरं वाटत होतं.

पुढे नथ्थूची खबर चैतूने आणली. "नेलं त्याले कुरखेड्याले. डोळे हळदीवानी झाले. लघवी बी कमी झाली म्हनते." मग थोडं थांबून चैतू म्हणाला, "भाऊ, तुमी सांगता का मी सांगू?"

"मी सांगतो," मनसाराम म्हणाला आणि चैतूच्याच मोटारसायकलवर मागे बसला.

वॉर्डात अमरीन नथ्थूच्या खाटेशी उभी होती. नथ्थूचा चेहरा पिवळा पडला होता आणि ओठाच्या कोपऱ्यात रक्त सुकलं होतं. इंदिराबाई त्याचे पाय मांडीवर घेऊन बसली होती. पोटरीला हात लागला की तो डोळे मिटायचा, ओरडायचा मात्र नाही.

"बाबा, मागच्या महिन्यात मलेरिया झाला होता का तुम्हाला?" अमरीन विचारत होती.

"हो. बांबू तोडाले गेल्तो, तवा."

"मग ती रेघ जुन्या मलेरियाची पण असू शकते. बरा झाला तरी किटवर काही आठवडे येत राहते." ती खाली वाकली. "आता नीट आठवून सांगा. पूर ओसरल्यावर तुम्ही त्या बांध्यांमधल्या पाण्यात उतरले होते का? मलेरियाच असेल तर इथंच औषध देऊन वाट पाहता येईल. ते पाणी असेल तर मी तुम्हाला इथं एक तास ठेवणार नाही, आत्ताच्या आत्ता गडचिरोलीला पाठवीन."

"नाई," नथ्थू म्हणाला. "मी नव्हतो उतरलो."

इंदिराबाईने जमिनीकडे पाहिलं.

"होता," मनसाराम दारातून म्हणाला. सगळे वळले. तो आत आला. "नथ्थू होता मॅडम पाण्यात. तवा नावं घेताना माह्या ध्यानातून राहून गेलं."

आता पाहा, एवढं सांगायला आलेला माणूस, आणि त्यातही त्याने स्वतःपुरती एक फट ठेवलीच. ध्यानातून राहून गेलं. सुंभ जळतो, पीळ राहतो.

नथ्थूने मान वळवली. "भाऊ, गलत पाह्यलं तुमी," तो हळू म्हणाला. "मी पाण्यात असतो तं मले वाटा नसता भेटला?"

अमरीन दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिली. "कसला वाटा? काय चाललंय तुमचं? होते की नव्हते?"

 पलीकडच्या खाटेवर प्रफुल बसला होता, फेरतपासणीला आलेला. तोही बापाकडे पाहत होता. मनसारामला कळून चुकलं की नथ्थू मरेल पण हो म्हणणार नाही. ज्याला वाटा नाही तो पाण्यात नव्हता, हे सगळ्या गावासमोर ठरलं होतं आणि ते त्यानेच ठरवलं होतं. आता ते मोडायचं तर तेही त्यालाच मोडावं लागणार होतं.

"होता मॅडम," तो म्हणाला. "माह्याच जाळ्यावर होता. आमच्यात जो पाण्यात उतरते त्याले मासोळीचा वाटा भेटते. मी त्याले वाटा नाई देल्ला. जानून नाई देल्ला, निवडणुकीचा राग होता माह्या मनात. तुमी नावं विचारली तवा बी जानूनच नाई सांगतलं. त्याचं नाव घेतलं असतं तं हे निंगलं असतं. म्हनून तो नाई म्हनून राह्यला. झूट तो नाई बोलून राह्यला मॅडम, झूट मी बोललो."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, आता कोणी तरी आपल्याला मारेल. चैतूने तोंड फिरवलं. प्रफुल खाटेवरून उतरून बाहेर निघून गेला. अमरीनने मनसारामकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने सिस्टरला हाक मारून इंजेक्शन मागवलं, अँब्युलन्सला फोन लावायला सांगितलं आणि नथ्थूचा हात हातात घेऊन शीर शोधू लागली. नथ्थूने हात मागे घेतला नाही.

अँब्युलन्स आली. खाट आत चढवल्यावर मनसाराम बाजूला सरून उभा राहिला, तर इंदिराबाई खाली उतरून त्याच्याकडे आली. आता ही शिव्या देईल, असं त्याला वाटलं. द्याव्यात, असंही वाटलं. ती म्हणाली, "भाऊ, तुमी संगं चला. तिथी दुसरे डॉक्टर राहतीन. ते ह्यायले विचारतीन अन् हे नाई म्हनतीन. सांगाले कोणी पायजे."

तो चढून बसला.

वडसा गाव मागे पडलं. नथ्थूला दम लागत होता. सलाईनची बाटली हलत होती आणि इंदिराबाई ती हाताने धरून बसली होती. नथ्थूने डोळे न उघडताच हाक मारली, "मनसारामभाऊ."

"बोल गा."

"मी थैली घेऊन तुमच्या मांगच उभा होतो."

"हो."

"एकडाव पलटून पाहाचं होतं."

मनसारामने त्याचा हात धरला. हात गरम होता, भेगाळलेला होता, जाळ्याच्या दोरीचे वळ अजून त्यावर होते. मी चुकलो असं त्याला म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की समोरच्याला राहू दे भाऊ असं म्हणावं लागतं, आणि दम लागलेल्या माणसाकडून तेवढंही घ्यायची त्याला लाज वाटली. आरमोरीच्या पुढे नथ्थूने बोलणं सोडलं. हाक मारली तर नुसती पापणी हलायची, मग तीही हलेना.

गडचिरोलीच्या दवाखान्यात स्ट्रेचर धावतच आत गेलं. एक तरुण डॉक्टर अमरीनची चिठ्ठी वाचत बाहेर आला. डायलिसिसची तयारी करायला त्याने आत ओरडून सांगितलं आणि मग या दोघांकडे वळून विचारलं, "पेशंट पुराच्या पाण्यात गेला होता, हे नक्की का? कोण सांगेल?"

इंदिराबाईने मनसारामकडे पाहिलं.

"मी सांगतो साहेब," तो म्हणाला. "गेल्ता तो पाण्यात. आमच्यात अशी रीत आहे, जो पाण्यात उतरते त्याले वाटा भेटते. पन मी त्याले वाटा..."

"ते राहू द्या बाबा," डॉक्टर म्हणाला. त्याला खरंच घाई होती. "पाण्यात किती वेळ होता, तेवढं सांगा."

मनसारामने आतल्या दाराकडे पाहिलं. दार लागलं होतं. नथ्थूला आता काही ऐकू जाणार नव्हतं.

"दिवसभर," तो म्हणाला. "आमी दुपारी भाकर खाले वर निंगलो, तो नाई निंगला. त्याले कोणी भाकर खाले बोलावलं नाई. आमच्या सगळ्यायहून जास्त वेळ तोच होता पाण्यात."